सत्काराचा नारळ

१८ सप्टेंबर, अकोला

आज माझी बढती झाली. पगार तोच आहे, पण बढती ती बढती. उन्हाळ्यात छातीत दोन स्प्रिंगा टाकून घेतल्यावर डॉक्टर म्हणाले होते, मनात साठवत जाऊ नका, रोज थोडं लिहीत जा. बायकोने, कौशल्याने, बियाण्याच्या कंपनीची एक कोरी डायरी तेव्हाच काढून ठेवली होती. इतके महिने लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. गोळ्या खाल्ल्या, हे काय लिहायचं? आज मात्र हात थांबत नाही.

आमच्या जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे, मालक कुलदीपशेठ आज स्वतः खाली आले. मला वर केबिनमध्ये बोलावलं नाही, यातच मान आला. (जिना चढताना मला अजून थोडा दम लागतो, पण तो मुद्दा वेगळा.) म्हणाले, "खुशालकाका, यंदा वजनकाट्यावर उन्हात उभं नाही राहायचं. तुमच्यासाठी खास काम काढलं आहे. आपल्याकडे कामगार जखमी होतो, आजारी पडतो, घरी बसतो आणि मग बसूनच राहतो. तो नीट परत कामावर आला पाहिजे. हे तुम्ही पाहायचं."

आजवर मी सीझनभर फाटकाशी उभा असायचो. कापसाची गाडी आली की कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस आतून ओढायचा आणि सांगायचं, हा माल असा आहे. ते आता शेठचा मावसभाऊ करणार. करो बापडा. धूळ, ऊन, शेतकऱ्यांची हुज्जत, सगळं सुटलं. मला टेबल मिळालं, पंखा मिळाला. खिडकीतून फाटक दिसतं. सध्या तिथे कुत्रं झोपलेलं असतं.

पहिलंच प्रकरण रऊफभाईंचं. आमचा फिटर. फेब्रुवारीत सात नंबरच्या जिनवर, सरकी काढायच्या मशीनवर, पट्टा चढवताना उजवा हात सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, बाकीची आखडली. तेव्हापासून बाळापूरला घरी आहेत. त्यांच्या जागी शिवम नावाचा फिटर तात्पुरता घेतला आहे. शेठनी स्पष्टच सांगितलं, "दसऱ्याला सीझनचा मुहूर्त. तोवर रऊफभाईंचं जमलं तर उत्तम. नाही जमलं तर शिवमला कायम करतो. दोन फिटर परवडत नाहीत."

जमवीनच. रऊफभाईंना परत आणून दाखवीन, आणि असं आणीन की अख्खी एमआयडीसी पाहत राहील.

२१ सप्टेंबर

बाळापूरला जाऊन आलो. रऊफभाई भावाच्या जनरल स्टोअरमध्ये गल्ल्यावर बसले होते. उजव्या हातावर दस्ती, हातरुमाल, टाकलेली. मला पाहून उठले, डावा हात पुढे केला. घरी नेलं. महेजबीनभाभींनी चहा आणि खारी आणली.

भाभी म्हणाल्या, "भाऊ, हे दिवसभर बोलतच नाही. दुकानात बसतात त नजर सडकेवर. कोनी साबन मागलं त बिस्कीट देतात."

रऊफभाईंनी एकच विचारलं. "काम भेटीन ना साहेब? पान्याचं काम?"

मी म्हणालो, "पान्याचं नाव काढू नोका. आता पान्याले हातही लावू देनार नाही तुमाले. खुर्ची टाकून देतो, गादीची. वर पंखा. बसायचं अन् देखरेख करायची. काहीच करा लागनार नाही."

 ते "बरं" म्हणाले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. डोळे भरून आले असणार. माणसाला इतका मान मिळाला की असंच होतं. परतीच्या बसमध्ये मला सीट मिळाली नाही, तरी जाणवलं नाही. थोडं जाणवलं, पण सांगण्यासारखं नाही.

२६ सप्टेंबर

रऊफभाईंना घेऊन अमरावतीला गेलो. तिथे नीलम मॅडम आहेत. हात निकामी झालेल्यांना परत कामाजोगं करणं हेच त्यांचं शिक्षण. वयाने लहान, पण आवाज हेडमास्तरचा. रऊफभाईंना त्यांनी चेंडू दाबायला लावला, नट फिरवायला लावला, बरणीचं झाकण उघडायला लावलं. झाकण नाही उघडलं. मग पाना मागवला, त्याच्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तो जाड केला आणि म्हणाल्या, "आता धरा." रऊफभाईंनी धरला. तीन बोटांत धरला. पडला. पुन्हा धरला. मी टाळ्याच वाजवल्या. रऊफभाई पहिल्यांदा हसले, महिन्यांनी हसले असतील.

मॅडम मला म्हणाल्या, "काका, सुरुवातीला यांना दोनच तास बोलवा. पण त्या दोन तासांत काम यांचंच असू द्या. आवडीचं, सवयीचं. हळूहळू तास वाढवू. पाना पडला तर पडू द्या, कोणी उचलून द्यायचा नाही. आणि काय जमतं, काय नाही, ते यांनाच विचारत जा."

मी मान डोलावत होतो. खरं सांगायचं तर निम्मं ऐकलं, कारण डोक्यात एक झकास कल्पना आली होती. रऊफभाईंचा सत्कार. भव्य. माणूस मृत्यूच्या दारातून (दारातून नाही, पण अंगणापर्यंत तरी) परत येतो आणि आपण त्याला फक्त हजेरीपटावर घेतो, हे काही बरोबर नाही.

निघताना मॅडमनी विचारलं, "आणि तुम्ही कसे आहात काका? जिन्यात तीनदा थांबलात." मी म्हणालो, जिना चढताना विचार करायची सवय आहे मला.

मग बाजारातून शाल घेतली, चांगली मऊ, काठाची. स्टँडवर रऊफभाईंना गिला वडा खाऊ घातला. मीही एक खाल्ला. कौशल्याला कळता कामा नये. रऊफभाई बसमध्ये पाना मांडीवर घेऊन बसले होते, बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत धरत होते, सोडत होते. कंडक्टर संशयाने पाहत होता.

१ ऑक्टोबर

रऊफभाई आले. सकाळी दोन तास.

काय तो देखावा. सरकी झाडणाऱ्या बायकांची मुकादम मनकर्णाबाई, तिने दारातच त्यांच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. खुर्ची मी आधीच टाकून ठेवली होती, वर पंखा. रऊफभाई जिनकडे निघाले तर चौघांनी धरून खुर्चीत बसवलं. त्यांनी पाना काढला तर शिवमने हसत काढून घेतला, "चाचा, मी हाय ना. तुमी फक्त सांगा." कोणी पाणी आणलं, कोणी चहा. मनकर्णाबाईने घरून धिरडी आणली होती.

मी अमरावतीला फोन लावून नीलम मॅडमना सांगितलं, हात लावायचीसुद्धा गरज पडत नाही त्यांना, इतकं प्रेम आहे आमच्याकडे. त्या काहीतरी बोलत होत्या, पण जिनची ट्रायल सुरू होती, ऐकू आलं नाही.

४ ऑक्टोबर

सगळं सुरळीत. शेठना कळवलं, रऊफभाई रोज येतात, वेळेवर येतात, वेळेवर जातात. एक दिवस तर वेळेआधीच गेले.

आज थोडी गंमत झाली. रऊफभाई सात नंबरजवळ उभे होते, कान लावून. म्हणाले, "याचा रोलर घासून राह्यला." आणि स्वतःच नट ढिला करायला वाकले. पाना हातातून पडला. पडल्याबरोबर तीन माणसं धावली. एकाने पाना उचलला, एकाने रऊफभाईंना उचललं. शिवमने नट ढिला केला. रऊफभाई जाऊन खुर्चीत बसले आणि उरलेला वेळ हातावर दस्ती टाकून बसले.

घरी हे कौतुकाने सांगितलं तर कौशल्या पोळी लाटायची थांबली. म्हणाली, "माह्या ऑपरेशननंतर तुमच्या बहिनीनं महिनाभर मले चुलीजवळ येऊ देलं नोतं. मी तवा काहून रडत होती, इचारलं होतं काय तुमी?"

मी म्हणालो, "दुखत असन म्हनून."

ती म्हणाली, "जेवा."

बायकांचं काही कळत नाही.

आज फाटकाशी कापसाची एक गाडी आली होती, मुहूर्ताआधीच, भाव विचारायला. शेठच्या मावसभावाने वरवर पाहिलं, हात आत घातलाच नाही. मी खिडकीतून पाहत होतो. तोंडातून शब्द जाणार होता, पण म्हटलं आपलं खातं आता वेगळं.

७ ऑक्टोबर

उद्या सत्कार. आज श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मंडप, सतरंज्या, माइक. फ्लेक्स छापून आला: "आपल्या जिनिंगचे आधारस्तंभ रऊफभाई यांचा भव्य सत्कार". फोटो त्यांच्या लग्नातला मिळाला, केस भरपूर आहेत, पण चेहरा ओळखू येतो. शाल तर आहेच. नारळ घेतला, शेंडीचा, मोठा पाहून. शेठ म्हणाले भेटवस्तूही द्या, म्हणून भिंतीवरचं घड्याळ घेतलं. कार्यक्रमानंतर त्यांना फुलांनी सजवलेल्या जीपमधून बाळापूरला घरी सोडायचं. कल्पना सगळी माझी. महेजबीनभाभींनाही आग्रहाचं बोलावणं केलं.

माझं भाषण पाठ आहे. रऊफभाई पहिल्यांदा आले तेव्हापासून सुरू करतो आणि एकेक सीझन घेत पुढे येतो. कौशल्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे सारं झालं-गेलंच हाय. पुढचं कुठी हाय?" पुढचं म्हणजे काय, पुढे ते कामावर आहेतच की.

८ ऑक्टोबर

असा कार्यक्रम आमच्या जिनिंगच्या इतिहासात झाला नाही. होणार नाही.

शेठ बोलले, छान बोलले. मी बोललो. बोलत असताना पाहत होतो, बायका पदराने डोळे पुसत होत्या. मनकर्णाबाई तर हुंदके देत होती. शिवमनेही रुमाल काढला. मी शाल अंगावर घातली, नारळ हातात दिला. रऊफभाईंना तो एका हाताने पेलेना, दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्यांना बोलायला सांगितलं. आधी नाही म्हणाले, मग माइकशी आले.

"मी या जिनिंगचं मीठ खाल्लं. कोनाले कमी-जास्त बोललो असन त माफ करजा. मशिनीची काळजी घ्या. हात सांभाळा."

एवढंच. पण काय बोलले! नंतर एक फारच सुंदर गोष्ट झाली. त्यांनी खिशातून हत्याराच्या पेटीची किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर शिवमच्या हातात दिली. केवढं मोठं मन. लहानाला जवळ करणं म्हणतात ते हेच. मग आत जाऊन सात नंबरवर तळवा ठेवून उभे राहिले. मला तर वाटलं ते मशीनला सांगत आहेत, बाबा, मी आलो.

जीपमध्ये बसताना त्यांनी माझा हात हातात घेतला. दुखऱ्या हातात. पहिल्यांदाच. म्हणाले, "साहेब, तुमी इज्जतीनं केलं. दुसऱ्यानं नसतं केलं."

जीप फाटकाबाहेर गेली तेव्हा बायकांनी रडं आवरलं नाही. भाभीही पदर तोंडाला लावून होत्या. मी घरी आलो तो हवेतच. कौशल्याला ताप होता म्हणून ती आली नव्हती. तिला अथपासून इतिपर्यंत सांगितलं असतं, पण ती झोपली होती.

९ ऑक्टोबर

रऊफभाई आज आले नाहीत. कालचा आनंद पचायला एक दिवस लागणारच.

१० ऑक्टोबर

आजही आले नाहीत. फोन उचलत नाहीत. शिवमने पेढे वाटले. मी विचारलं कशाचे, तर म्हणाला, "मी पर्मनंट होऊन राह्यलो ना साहेब." मी म्हणालो, कोणी सांगितलं? तो म्हणाला, "तुमीच त. परवा." आणि पेढा माझ्या तोंडात घातला. मला काही उमगेना. मनकर्णाबाई म्हणाली, "चाचाले पुढच्या पाडव्याले भेटाले जाऊ सारेजन, गाडी करू." मी म्हणालो, पाडव्याला कशाला, उद्या येतील ते. तर ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू माझ्याच डोक्यात काही बिघाड झाला आहे.

घरी आलो. कौशल्याचा ताप उतरला होता. म्हणाली, "सांगा मंग, कसा झाला कार्यक्रम." मी पहिल्यापासून सांगितलं. शाल सांगितली. नारळ सांगितला. घड्याळ सांगितलं. भाषण सांगितलं. जीप, फुलं, किल्ली.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "शेजारच्या पार्बताबाईचे मिस्टर शाळेच्या नोकरीतून उतरले तवा काय काय देलं होतं?"

"शाल, नारळ... घड्याळ."

"अन् घरी कसे आले होते?"

"जीपमधून." 

"अवो, तुमी त्याले कामावर आनलं नाही. तुमी त्याले रिटायर करून घरी पोचवून आले. फुलं लावून."

 सगळी मंडळी का रडत होती ते एकदम कळलं. मला वाटलं होतं माझं भाषण चांगलं झालं. रऊफभाईंनी माफी का मागितली, किल्ली का दिली, हात का धरला. "इज्जतीनं केलं" म्हणाले. देवा रे. आणि अख्ख्या मंडपात एका माणसालाही शंका आली नाही, कारण आमच्याकडे गळ्यात हार घालून माणसाला दोनच ठिकाणी नेतात आणि रऊफभाई नवरदेव नव्हते.

दसरा परवा आहे. तोवर ते परत आले नाहीत तर ती जागा गेली.

कौशल्याने पाणी दिलं. म्हणाली, "छातीवरचा हात काढा. काही नाही झालं तुमाले. उद्या सकाळी पयली बस धरा."

११ ऑक्टोबर

बाळापूर. घड्याळ त्यांनी समोरच्या भिंतीवर लावलेलं. शाल पेटीवर घडी करून. नारळ कोनाड्यात, जसाच्या तसा.

मी बसलोच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो सत्कार येण्याचा होता, जाण्याचा नव्हता; मला फरक कळला नाही; मी गाढव आहे.

रऊफभाई आधी गालातल्या गालात हसले. मग असे हसले की भाभी आतून धावत आल्या, आणि त्यांना कळलं तशा त्याही. मग हसता हसता रऊफभाई चिडले. तो राग माझ्या हक्काचाच होता.

"मले वाटलं, मोठ्या लोकायची रीत असन. तोंडावर नाही म्हनत नाही, शाल टाकतात. अन् साहेब, खरं सांगू काय? सत्काराच्या आधीच तुमी मले काढलं होतं. ते खुर्ची. आठ दिस मी त्या खुर्चीत बसलो, मले वाटे मी मानूस नाही, पाव्हना हाय. पाव्हना किती दिस राह्यते?"

मी म्हणालो, "मंग तुमाले काय पाह्यजे?"

हे विचारायला मला इतके दिवस लागले. नीलम मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त विचारायचं बाकी होतं. खुर्ची नको. दोन तासच, पण ते दोन तास एक ते आठ नंबरच्या मशिनी त्यांच्या. पट्टा चढवणं आता नाही, ते शिवमने करावं; पण कान लावणं, रोलर जुळवणं, नट आवळणं त्यांचं. जाड दांड्याचे पाने. "अन् पाना पडला त कोनी धावलं नाही पाह्यजे. दहादा पडीन. मीच उचलीन. तुमच्या लोकायचं प्रेम मले जड होते, साहेब."

तिथूनच शेठना फोन लावला. सगळं सांगितलं. शेठ आधी पोटभर हसले. मी म्हणालो, सीझनला आपण दोन पाळ्या चालवतो आणि एकाच फिटरला दोन्हीत पिळतो, तो हात दमलेल्या माणसाचाच सापडला होता. शेठ हसायचे थांबले. म्हणाले, "दोघंही राहू द्या काका. शिवमला मी सांगतो."

निघताना रऊफभाई दारापर्यंत आले. विचारलं, "तुमी यंदा काट्यावर नाही म्हने?"

"बढती झाली."

"तुमाले इचारलं होतं काय कोनी?"

आता यांना बढतीतलं काय कळणार. बढतीला कोणी विचारतं का? देतात. पंखा, टेबल, खुर्ची. मी बसमध्ये बसलो. खुर्ची गादीची आहे माझी. चहा जागेवर येतो. फाइल उचलायला गेलो तर कोणीतरी येऊन उचलतं. परवा जिना चढत होतो तर दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं.

अकोला येईपर्यंत मी खिडकीबाहेरच पाहत होतो. कापूस फुटला आहे सगळीकडे.

१२ ऑक्टोबर, दसरा

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी सगळे जमले. मशिनींना हार, हळदकुंकू. कौशल्याही आली होती. रऊफभाई आठच्या बसने आले, महेजबीनभाभींसोबत, हातात पिशवी. फाटकात त्यांना पाहून बायका कुजबुजायला लागल्या, रिटायर माणूस मुहूर्ताला आला म्हणून.

मी माइक घेतला. लोक सतरंजीवर ऐसपैस बसायला लागले, त्यांना माझा अनुभव आहे. मी म्हणालो, "त्या दिवशीचा कार्यक्रम चुकून निरोपाचा झाला. चूक माही. रऊफभाई कुठी गेले नाहीत. त्यायच्या हातून काही पडलं त जो उचलीन, त्याले मी घरी पाठवीन. जीपनं." आणि माइक ठेवला. एवढं छोटं भाषण आयुष्यात मी कधी केलं नव्हतं. टाळ्या मात्र आजवरच्या सगळ्यात मोठ्या पडल्या.

शिवम पुढे आला. मला वाटलं तोंड पाडून येईल. पण दोघं राहणार हे त्याला शेठनी रात्रीच सांगितलं होतं. किल्ली रऊफभाईंच्या हातात देत म्हणाला, "चाचा, सात नंबर तुमीच ठेवा. तो मले इचारतच नाही, तुमचंच आयकते."

रऊफभाईंनी पिशवीतून नारळ काढला. तोच, सत्काराचा. मनकर्णाबाईला दिला. "बाई, तुमी फोडा. मशीन मी चालू करतो." तिने सात नंबरच्या पायाशी एका घावात फोडला. पाणी उडालं ते माझ्या धोतरावर.

मग रऊफभाई वाकले. चालू करण्याआधी शेवटचा नट आवळायचा होता. जाड दांड्याचा पाना तीन बोटांत धरला, लावला, जोर दिला. पाना सुटला. फरशीवर असा वाजला की बाहेर गाडीचे बैल दचकले.

कोणी हललं नाही. एवढी माणसं, पण सगळ्यांचे हात जागच्या जागी. शिवमने आपले दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले होते. मनकर्णाबाई डोळे मिटून उभी. माझा हात आपोआप पुढे गेला होता, कौशल्याने माझी बाही मागून ओढून धरली.

रऊफभाई वाकले. पाना बोटांतून निसटला. पुन्हा वाकले, उचलला, लावला आणि आवळला. कपाळ पुसलं. बटन दाबलं. सात नंबर सुरू झाला, आणि मग एकेक करत बाकीच्या मशिनी. मला रडू आलं. या वेळी का आलं ते मला माहीत होतं.

पण दिवस संपला नव्हता. पहिली गाडी अंगणात उभी होती, आमचे जुने शेतकरी नत्थुजी यांची, बैलांच्या शिंगांना गोंडे. गाडीला हार घातला, शेठच्या मावसभावाने वरचा कापूस हातात घेऊन "फसक्लास" म्हटलं. मीही गेलो बघायला. लगेच कोणीतरी माझी गादीची खुर्ची आणली, छत्रीही आणली. शेठ म्हणाले, "काका, उन्हात नका उभं राहू. बसा."

मी बसणारच होतो. तेवढ्यात जिनच्या दारातून रऊफभाईंचा आवाज आला, हातात पाना तसाच. "शेठ, खुर्ची उचलाले लावा. साहेबाले इचारा आधी."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. शेठही. मग हळूच म्हणाले, "काका, तुमच्या छातीची भीती वाटली हो मला. म्हणून बसून करायचं काहीतरी काढलं." म्हणजे बढती नव्हतीच. मी त्यांच्यासाठी रऊफभाईच होतो, आणि हे सगळ्या जिनिंगला माहीत होतं. कौशल्यालाही, तिच्या तोंडावरून दिसलं.

मला राग यायला हवा होता. पण पाय गाडीकडे निघाले होते. बाही सरकवली, हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि आतला मूठभर ओढून काढला. गार लागला.

"नत्थुजी," मी म्हणालो, "वरून वाळवला अन् आत ओला भरला काय?"

नत्थुजींनी कपाळावर हात मारला. "मले वाटलं यंदा तुमी नाही. आला बापा हा मानूस परत."

अंगणभर हसू. शेठनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं: सकाळी दोन तास, फाटकाच्या सावलीत, डॉक्टरला विचारून. दुपारचं टेबलही राहील, कारण आणखी दोन कामगार घरी बसलेले आहेत आणि त्यांना सत्कार न करता आणायचं आहे. रऊफभाई आत गेले. खुर्ची कोणीतरी उचलून नेली.

येताना कौशल्या म्हणाली, "खुश?"  बाहीला अजून कापूस चिकटला होता.